डावीकडचं पुढचं चाक

चष्म्याच्या दुकानात बसायला लागून तिला वीस वर्षं होत आली होती. या वीस वर्षांत एक खोड तिच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी जेवायला बसल्यावरही ती समोरच्या माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मनातल्या मनात मोजत राहायची. नवरा म्हणायचा, "अगं, मी गिऱ्हाईक नाही. भाजी वाढ." पण तिचा इलाज नव्हता. काचेचा मध्य बुबुळाच्या नेमका समोर यायला लागतो. तो दोन मिलिमीटर इकडचा तिकडे झाला, तर माणसाचं संध्याकाळी डोकं दुखतं आणि कशाने दुखतंय ते त्याला कळत नाही. असल्या न कळणाऱ्या दुखण्यांचा तिला मनस्वी राग होता. दुखतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलंय, आणि चुकलेलं सापडतंच, असं ती चिडलेल्या गिऱ्हाइकांना शांतपणे सांगायची आणि चष्मा परत मापाला लावायची.

तिची दुकानं दोन. एक शहरातल्या मोठ्या इस्पितळात चौथ्या मजल्यावर, दुसरं नदीपलीकडच्या गावात. सकाळी लेकीला शाळेत सोडायचं, इस्पितळातलं दुकान उघडायचं, दुपारी पलीकडे जायचं, संध्याकाळी परत. रोज ऐंशी किलोमीटर. ते सगळं ती निळ्या गाडीतून करायची, आणि ती गाडी तिला दादाने दिलेली होती.

दादा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तिला जे काही येत होतं त्यातलं निम्मं त्यानेच शिकवलेलं. सायकल, पोहणं, नकाशा वाचणं, गाडी चालवणं. लिफ्ट तपासायची त्याची नोकरी होती. इमारतींतून हिंडायचं, लिफ्टचे दोर मोजायचे, ब्रेक पाहायचे, आणि सगळं ठाकठीक असलं तर कागदावर सही करायची. "माझ्या सहीवर रोज दहा हजार माणसं वर-खाली करतात," असं तो कधीकधी गमतीने म्हणायचा, आणि ती ते अभिमानाने लोकांना सांगायची.

ट्रॅकचा नादही त्यानेच लावला. शहराबाहेर गाड्या पळवायचा एक बंदिस्त रस्ता होता. दोन-तीन महिन्यांतून एखादा रविवार तिथे तुमच्याआमच्यासारख्यांना आपली रोजची गाडी घेऊन सोडायचे. हेल्मेट घालायचं, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारायच्या, समोरून कुणी येण्याची भीती नाही. पहिल्यांदा दादाने तिला शेजारी बसवून नेलं तेव्हा पहिल्या वळणावर ती किंचाळली, दुसऱ्यावर गप्प झाली, आणि खाली उतरल्यावर एवढंच म्हणाली, "परत."

तीन वर्षांपूर्वी दादाने गाडी पळवणं एकाएकी सोडलं. लिफ्टच्या खड्ड्यात शिडीवरून पाय घसरला आणि गुडघा गेला, असं त्याने सांगितलं. निळी गाडी त्याने नुकतीच रंगवून आणली होती, चकचकीत, आणि ती नुसती उभी होती. तिने मागितली. तो नको म्हणाला. तिने परत मागितली. तो म्हणाला, "जुनी झालीय, तू नवी घे." तिसऱ्यांदा तिने लाडीगोडी लावली, तेव्हा एका रविवारी तो जेवायला आला आणि काही न बोलता किल्ली मिठाच्या भांड्याशेजारी ठेवून गेला.

लेक तेव्हा आठ वर्षांची होती. तिचं नाव घरात कुणीच घ्यायचं नाही. डोळे बारीक आणि काळेभोर म्हणून मामाने तिला 'बटण' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. निळी गाडी घरी आल्यापासून बटण कायम मागे बसायची, आईच्या बरोबर पाठीमागे. पुढची जागा रिकामी असली तरी मागेच.

"पुढे ये की गं, मी काय तुझी ड्रायव्हर आहे?"

"नको. मला इथेच बरं वाटतं."

मुलांच्या तऱ्हा असतात. आईने मनावर घेतलं नाही.

आता गाडीचे शॉकअप थकले होते. रस्त्यावरच्या उंचवट्यावरून गेलं की गाडी एकदा बसायच्या ऐवजी दोन-तीनदा डुलायची, आणि ट्रॅकवर वळणात अंग टाकायची. नवऱ्याला मुळातच गाडीत मळमळायचं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, मान खाली घालून दिवस काढणारा माणूस. तो म्हणाला, "या गाडीत बसण्यापेक्षा मी होडीतून जाईन." तेव्हा तिने ठरवलं, स्प्रिंगा आणि शॉकअप बदलायचे. बदलायचेच तर चांगले घालायचे. रोजच्या रस्त्यालाही चालतील आणि रविवारच्या ट्रॅकलाही.

गाडीचं काम आजवर दादाचाच ओळखीचा मिस्त्री बघायचा. गाडी दादा घेऊन जायचा, दादाच आणून द्यायचा. यंदा तो मिस्त्री गॅरेज बंद करून लेकाकडे राहायला गेला, म्हणून तिने स्वतः एक नवा शोधला. अंगाने भारी, बोलायला कंजूस, आणि गाडीच्या अंगाला हात लावायच्या आधी फडक्याने हात पुसणारा. तिला तेवढं पुरलं.

"गाडीत रोज कोण बसतं?" त्याने पहिला प्रश्न विचारला.

"मी. लेक. कधीमधी नवरा. त्याला मळमळतं."

"आणि ट्रॅकला किती वेळा?"

"वर्षाला पाच-सहा रविवार."

"मग बाई, तुम्ही वर्षाचे तीनशे साठ दिवस खड्ड्यांत आहात. आधी त्या तीनशे साठांचं बघू."

तिच्यापुढे तीन वाटा आहेत, असं त्याने समजावून सांगितलं. पहिली, जुने शॉकअप तसेच ठेवून नुसत्या आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या. "लोक हेच करतात, कारण गाडी बुटकी दिसते, फोटो चांगले येतात. पण कडक स्प्रिंगेला आवरायची ताकद थकलेल्या शॉकअपमध्ये नसते. मग गाडी चेंडूसारखी उडते." दुसरी, एकमेकांसाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि शॉकअपचा जोड, मूळच्यापेक्षा जरासा ताठ, उंची जवळपास तीच. तिसरी, ज्याची उंची आणि कडकपणा हाताने फिरवून कमीजास्त करता येतो तो महागडा सेट. ट्रॅकवर त्याला तोड नाही. रस्त्यावर मात्र पडलेलं नाणं छापा आहे की काटा तेही चाकाखाली कळेल.

तिचा जीव तिसऱ्यात अडकला होता. मिस्त्री दुसऱ्यावर ठाम होता. "दूरचं आणि जवळचं एकाच काचेत बसवायचं म्हटलं की दोन्हीकडे थोडं सोडावं लागतं," असं ती स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायची, तरी आपली वेळ आली की माणसाला सोडवत नाही. तिने दादाला फोन लावला.

"टायर बदल," दादा लगेच म्हणाला. "सगळ्यांत आधी टायर. रस्त्याला फक्त टायर टेकतात, बाकी सगळं नंतर."

तिने टायर बदलले. खरंच फरक पडला.

पुढच्या वेळी तिने परत विषय काढला, तर म्हणाला, "तू ब्रेक उशिरा लावतेस, तुझं वळण तिथेच बिघडतं. पॅड चांगले घाल, तेल बदल." तेही केलं. त्यानंतर म्हणाला, "गाडी कलते ना? मागच्या बाजूला जाड आडवा दांडा बसव, कलणार नाही." बसवला. दादाचं एकही म्हणणं चुकीचं नव्हतं. मिस्त्रीसुद्धा म्हणाला, "तुमच्या भावाला कळतं." फक्त पुढच्या बाजूचं नाव दादाच्या तोंडून कधी निघत नव्हतं, हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं.

पुढच्या बाजूला त्याने हात लावला होता तो एकदाच. तिच्या वाढदिवसाला एक चकाकता ॲल्युमिनियमचा दांडा घेऊन आला होता. इंजिनाच्या वरून, डाव्या शॉकअपच्या डोक्यापासून उजव्याच्या डोक्यापर्यंत जाणारा. गाडी वळणात पिळवटू नये म्हणून लोक तो लावतात. दोन्ही टोकांना बशीएवढ्या रुंद पट्ट्या. तो स्वतः बाही वर करून, गुडघ्याने लंगडत, भर उन्हात तासभर बसवत बसला होता. झाकण लावताना म्हणाला, "हा कधी काढू नकोस हं." आणि हसला. तीही हसली होती.

मागचा दांडा बसवल्यानंतरच्या रविवारी ती ट्रॅकवर गेली. नवे टायर, नवे ब्रेक, गाडी रुळावरून धावल्यासारखी जात होती. ट्रॅकच्या टोकाला उजवीकडे वळत जाणारं एक लांबलचक वळण होतं. तिथे गाडीचा सगळा भार डाव्या पुढच्या चाकावर यायचा आणि बराच वेळ तिथेच राहायचा. तिसऱ्या फेरीला तिथे तिला एक आवाज ऐकू आला. टिक्. कुणी नखाने पत्र्यावर मारावं तसा. चौथ्या फेरीला तोच. पाचव्या फेरीला दोनदा.

त्या वळणाच्या जाळीपाशी दादा उभा होता. तो दर वेळी यायचा आणि दर वेळी तिथेच उभा राहायचा. बहीण वळण नीट घेतेय का ते बघायला, असं ती समजून चालली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिचं लक्ष गेलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. गाडी जवळ आली की त्याची नजर खाली, चाकावर यायची, आणि गाडी पुढे गेली की जाळी धरलेले त्याचे हात सैल व्हायचे.

फेऱ्या संपवून ती हेल्मेट काढत होती, तेव्हा तो जवळ आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"काही वाजलं का गं?"

"कुठे?"

"कुठे नाही. सहज."

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण दादावर संशय घ्यायची तिला सवय नव्हती, आणि सवय नसलेली गोष्ट माणूस पहिल्या झटक्यात करत नाही. टायर गरम झाले की आवाज येतात, असं तिने स्वतःला सांगितलं आणि घरी गेली.

तीन महिन्यांतच डाव्या पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली. नवा टायर, आणि आतून असा घासलेला, जसा वाकड्या चालीने बुटाचा तळ एका बाजूने झिजावा. बाकीचे तिन्ही ठणठणीत. मिस्त्रीने चाकांना आरसे लावून मापं घेतली. उजवीकडचं चाक सरळ. डावीकडचं वरच्या अंगाने आत कललेलं. त्याने बोल्ट सैल केले, चाक होतं नव्हतं तेवढं बाहेर ओढलं, परत माप घेतलं. परत ओढलं. मग सरळ उभा राहिला आणि फडक्याने हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

"बाई, ही गाडी कधी ठोकली होती का?"

"नाही हो. माझ्या भावाची आहे."

"मी भावाचं नाही विचारलं. गाडीचं विचारतोय."

तिने घासलेल्या टायरवरून बोट फिरवलं.

"शॉकअप बदलायला पुढचं सगळं उघडायचंच आहे. गुरुवारी या. तोपर्यंत काही बोलत नाही."

घरी येऊन तिने दादाला फोन केला. मनातलं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की शॉकअपचं ठरलंय, मिस्त्रीचा दुसरा जोड घेतेय, गुरुवारी पुढची बाजू उघडणार आहेत.

"गुरुवारी नको," दादा म्हणाला. "मला सुट्टी नाही."

"तू कशाला यायला हवास?"

"नवा मिस्त्री आहे, कुणीतरी हवं ना उभं. पुढच्या महिन्यात कर. नाहीतर असं कर, मीच घेऊन जातो गाडी. माझ्या माहितीतला एक आहे." आणि मग आवाज एकदम खाली आणून, "छोटे, ऐक माझं. कडक काही घालू नकोस पुढे. आहे तशीच राहू दे. काय वाईट चाललंय?"

तिने फोन ठेवला. नवरा टेबलावर कागद पसरून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणाला, "तुझा दादा सारखी एकच ओळ खोडतोय. मी असतो तर तीच ओळ वाचली असती."

गुरुवारी सकाळी उड्डाणपुलावरून नव्वदच्या वेगाने गाडी नेऊन तिने बटणला शाळेत सोडलं. इस्पितळातल्या दुकानाला कुलूपच ठेवलं आणि गॅरेजमध्ये गेली. दादाला काही कळवलं नाही.

मिस्त्रीने झाकण उघडलं आणि आधी तो चकाकता दांडा काढला. डावीकडची रुंद पट्टी उचलली गेली आणि दोघं वाकून बघायला लागले. खाली पत्र्याचा जो घुमट असतो, ज्याला शॉकअप वरून बोल्टने धरलेला असतो, त्याच्या एका अंगाला निळा रंग जरासा जाड होता. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं. रंगाची खपली निघाली. खाली गुलाबी लांबी, पत्र्यातले पोचे बुजवायचा लगदा. लांबी खरवडली तेव्हा वेल्डिंग दिसलं, गांडुळासारखं वेडंवाकडं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्याने चाक काढलं, आतल्या अंगाला फासलेला काळा डांबरी लेप तारेच्या ब्रशने घासायला सुरुवात केली. तो बराच वेळ घासत होता. ती शेजारी बॅटरी धरून उभी होती.

"ही बघा."

वेल्डिंगच्या शेवटापासून एक भेग निघाली होती. केसासारखी बारीक, बोटभर लांब, आणि तिच्या कडांना गंजाची पिवळी रेघ. भेगेचं पुढचं टोक मात्र गंजलेलं नव्हतं. तिथला पत्रा अजून पांढरा चमकत होता.

"मागची जुनी आहे," मिस्त्री म्हणाला. "पुढची ताजी. वाढतेय." त्याने भेगेजवळ तळवा धरला, जणू तिथे काही गरम होतं. "हे डोकं एकदा आत दाबलं गेलंय, बाई. मोठ्या दणक्याने. ओढून काढलंय, पण पुरतं नाही. वरून जोड मारलाय. मऊ स्प्रिंगांवर हे इतके दिवस निभलं. तुम्हाला तो तिसरा सेट हवा होता ना? त्यात सगळा दणका सरळ इथे आला असता. ट्रॅकवरच्या त्या वळणात..." गाडीची किल्ली काढून त्याने स्वतःच्या खिशात टाकली. "ही इथून स्वतःच्या चाकांवर जाणार नाही."

ती स्टुलावर बसली. आज सकाळचा उड्डाणपूल तिच्या डोळ्यांपुढून जाईना. नव्वद. मागे बटण पाठांतर करत होती, मोठ्याने.

दादा त्या दिवशी कुठे आहे हे शोधायला तिला दोन फोन लागले. एका अकरा मजली कचेरीत तो लिफ्ट तपासत होता. ती बसने गेली. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं ठेवून, गळ्यात बॅटरी अडकवून, तो खड्ड्याच्या काठावर गुडघा लांब करून बसला होता. तिला बघितल्यावर तो उठला नाही. तिच्या हातांकडे बघितलं. हाताला काळा लेप लागला होता.

"भेग केवढी आहे?" त्याने विचारलं.

तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

भिंतीला टेकून ती म्हणाली, "तुला माहीत होतं."

"भेगेचं नव्हतं. देवाशपथ भेगेचं नव्हतं. भीती होती फक्त. जोड चांगला झालाय असं माझा तो जुना मिस्त्री म्हणाला होता, आयुष्यभर बघायला नको म्हणाला. मी स्वतः तपासला होता."

"तू तपासला होतास."

त्याने गळ्यातली बॅटरी विझवली. आत कुठेतरी वर, खूप उंचावर, लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज आला आणि खड्ड्यातून खाली उतरत गेला.

"कधी झालं?"

"तलावाच्या रस्त्याला. तीन वर्षं झाली. वळण घेताना मागची चाकं घसरली, गाडी कट्ट्यावर चढली आणि भिंतीला लागली. डावीकडचा कोपरा." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "शिडी वगैरे काही नव्हती."

"मला गाडी कशी दिलीस, दादा?"

"तू तीनदा मागितलीस. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं."

तो लिफ्टच्या दोरांकडे बघायला लागला. ती माणसांच्या चेहऱ्यांपुढे वीस वर्षं बसलेली बाई होती. डोळे कुठे बघायचं टाळतात ते तिला कळायचं. गाडी ठोकली एवढंच सांगायला कुणाला तीन वर्षं लागत नाहीत.

"तेव्हा गाडीत कोण होतं?" तिने विचारलं. "एकटा होतास?"

"छोटे..."

"एकटा होतास का?"

"तू म्हणाली होतीस ना, बटणला पोहण्याच्या क्लासवरून आण म्हणून," दादा म्हणाला. "ती म्हणाली, मामा, आई ट्रॅकवर जाते तसं जा ना. मी गेलो. पुढे बसली होती ती. डावीकडे."

तिने त्याच्या गालफडात मारली असती तर बरं झालं असतं, असं ती नंतर नवऱ्याला म्हणाली. पण तिने काहीच केलं नाही. ती वळली आणि चालायला लागली. तो मागून लंगडत आला, "तिला काही लागलं नव्हतं, मनगट फक्त सुजलं होतं," असं म्हणत राहिला, आणि दारापाशी थांबला.

मनगट. तीन वर्षांपूर्वी शाळेत घसरगुंडीवरून पडले, असं बटणने सांगितलं होतं. तिने स्वतः त्यावर बर्फ धरला होता.

ती घरी आली तेव्हा बटण जमिनीवर उपडी पडून एक नकाशा रंगवत होती. आई शेजारी येऊन बसली आणि नुसतीच बसून राहिली. लेकीने मान वर केली, आईच्या हातांकडे बघितलं, आणि रंगाची पेन्सिल खाली ठेवली.

"मामाने सांगितलं?"

"हो."

"मग मी शपथ मोडली असं नाही ना होत?"

"नाही गं."

बटणने मोठा श्वास सोडला. अकरा वर्षांच्या मुलीच्या छातीत एवढा श्वास कुठे मावला होता असं वाटावं, एवढा मोठा. "तो रडत होता," ती म्हणाली. "रस्त्यावर बसून. मोठं माणूस असं रडायला लागलं की काहीही मागितलं तरी हो म्हणावं लागतं."

"आणि आवाज? गाडीचा टिक्-टिक् आवाज तू ऐकला होतास?"

"पावसाळ्यापासून येतो. शाळेच्या फाटकातल्या उंचवट्यावर येतो, पुलाच्या जोडावर येतो. तू बोलत असतेस ना, म्हणून तुला ऐकू येत नाही." मग जरा थांबून, "मी तुझ्या मागे बसायचे. उजवीकडे. म्हणजे त्या चाकावर माझं वजन येणार नाही."

एवढंसं वजन, आणि ते रोज सकाळी मोजूनमापून त्या बाजूला नेऊन ठेवलेलं. ती इतकी वर्षं इतरांच्या न कळणाऱ्या दुखण्यांची कारणं शोधत बसली होती.

"ट्रॅकचा रविवार असला की?" तिने विचारलं.

"मी बाबांबरोबर पत्ते खेळायचे. तुझी गाडी फाटकात आली की मग मला भूक लागायची."

त्या संध्याकाळी नवऱ्याने स्वयंपाक केला आणि कुणी फारसं जेवलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. तो भाग कापून दुसऱ्या गाडीचा जोडता येईल, नीट जोडला तर चालेलही, असं मिस्त्री म्हणाला. तिने नको म्हटलं. एक गाड्यांचा दलाल येऊन गेला. त्याला तिने भेग दाखवली. तो म्हणाला, "अहो, हे झाकता येतं की." तेव्हा तिने त्याच दिवशी गाडी मोडीत काढायला पाठवली, आणि चिरडली गेल्याचा कागद हातात येईपर्यंत तिथून हलली नाही. आता तिच्याकडे एक साधी पांढरी गाडी आहे. जशी कारखान्यातून आली तशी. ट्रॅकला ती परत गेलेली नाही. जायचं नाही असं काही ठरवलेलं नाही. रविवार येतो आणि जातो.

दादाशी बोलणं चार महिने बंद होतं. मग बटणनेच हट्ट धरला, म्हणून तो परत येऊ लागला. लेकीने त्याला कधीच माफ करून टाकलं होतं. ती त्याच्या मांडीवर रेलून बसते, त्याला कोडी घालते. तो आता गाडी चालवतच नाही. कामावरही त्याने आपण होऊन सांगितलं, की माझ्या प्रत्येक तपासणीवर दुसऱ्या कुणाचीही सही घेत जा. ते ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. पण इस्पितळातल्या लिफ्टमध्ये, आरशाच्या वर, काचेखाली एक प्रमाणपत्र लावलेलं आहे आणि त्यावर त्याची एकट्याची, वळणदार, जुनी सही आहे. त्या लिफ्टने रोज खाटांसकट आजारी माणसं वर जातात. हल्ली ती दुकानात जिन्याने जाते. चौथा मजला. धाप लागते, पण जाते. इस्पितळाच्या व्यवस्थापकाला तिने दोनदा सांगितलं, की ती लिफ्ट परत तपासून घ्या. "का हो बाई? काही बिघडलंय का?" असं त्याने विचारलं, तेव्हा तिला सांगता आलं नाही. तो बघू म्हणाला. अजून कुणी आलेलं नाही.

गेल्या रविवारी दादा जेवायला आला होता. जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांसाठी चहा केला, कप आणून ठेवले. नवरा कसलीतरी छापील चूक वाचून दाखवत होता, आणि बटण पोट धरून हसत होती.

"गॅस बंद केलास?" तिने विचारलं.

"केला," दादा म्हणाला.

तिने चहाचा एक घोट घेतला. मग कप खाली ठेवला, उठली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बघून आली. बंद होता. ती परत येऊन बसली तेव्हा दादा कपात बघत होता. बटण हसायची थांबली होती आणि दोघांकडे आळीपाळीने बघत होती.